आडवं सोपं पडतं

अहो, काल तुमच्या हिरवळीची हजामत झाली. दुसऱ्या कुणी नाही, मी केली. तुमच्या त्या लाडक्या मशीनला इतक्या वर्षांत मी बोट लावलं नव्हतं, आणि काल तुमच्या वाटणीचा अख्खा अर्धा त्याच मशीननं कापून काढला. काल तुमचा दहावा. आपला विजू घाटावर गेलेला, घरात बायका बसलेल्या, आणि तुमची बायको पदर खोचून अंगणात मशीन ढकलतेय! तुमच्या बहिणीला वाटलं, वहिनीच्या डोक्यावर परिणाम झाला. झालाही असेल. तुम्ही गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही, एवढं मात्र खरं.

बसायला लोक येतात. सतरंजीवर टेकतात, पाणी नको म्हणतात, आणि मग हळूच सुरू करतात, 'माणूस मोठा शांत होता हो. कधी कुणाशी वाद नाही.' मी मान खाली घालून ऐकते, पण आतून नुसती धुमसते. वाद नाही? या लोकांना बोलवायला हवं होतं एखाद्या रविवारी सकाळी आपल्या ओट्यावर. कोपरगावात दुसऱ्या कुठल्या नवरा-बायकोनं गवत किती दिवसांनी कापायचं यावरून अबोला धरला असेल, तर मला आणून दाखवा. तुमचा वाद असायचा तो फक्त माझ्याशी. बाकीच्यांना तुम्ही शांत मिळालात, हे त्यांचं नशीब.

तो वाद कुठं सुरू झाला, आठवतं का? भंडारदऱ्याला. तुम्ही कालव्यावर ओव्हरसियर, धरणाच्या कामाला म्हणून वर गेलात, आणि तिथल्या बंगल्यापुढची हिरवळ बघून परत आलात ते वेगळेच. जेवताना बोलेनात. मला वाटलं, साहेबानं झापलं. हात धुताना म्हणालात, "अगं, तिथं चप्पल घालून चालायला लाज वाटते." तेव्हाच ओळखलं मी, आता काही खरं नाही. घर बांधलं तेव्हा पुढचं अंगण तुम्ही आखून घेतलं, दोरी लावून, खुंट्या ठोकून. मी तिथं मेथी, कोथिंबीर, चार वांग्याची झाडं म्हणत होते. तुम्ही सायकलला पोत्यात बांधून काय आणलंत? तर हरळी!

माझं माहेर पारनेरकडचं. हरळी म्हणजे काय, ते मला विचारा. वावरात एकदा घुसली की कांद्याचा घास काढून घेते. माझ्या आईच्या बोटांना हरळी उपटून घट्टे पडलेले, आणि इथं माझा नवरा तीच हरळी दोन्ही हातांनी दारात लावतोय. माझे वडील आले होते तेव्हा. ते दारातच थांबले. म्हणाले, "जावईबापू, आदी सांगायचं हुतं. आमच्या रानातली समदीच दिली असती. वर मजुरी बी दिली असती." तुम्ही कानापर्यंत लाल झालात, पण खाली बसून लावतच राहिलात. दूध घालायला येणारी चंद्रभागा तर रोज फाटकात उभी राहून हसायची. "बाई, लोकं हरळी काढाया मान्सं लावत्यात. सायेब लावाया लागल्यात. लई शिकलं की आसं व्हतंय का हो?"

पण आली खरी. तुमचं हट्टीपण आणि हरळीचं हट्टीपण, दोन्ही एकत्र आल्यावर काय होणार? वावरात जिला आम्ही हरळी म्हणून शिव्या द्यायचो, गणपतीत जिला दूर्वा म्हणून हात जोडायचो, ती तुमच्या दारात हिरवळ झाली. मग पुण्याच्या जुन्या बाजारातून तुम्ही ते मशीन आणलंत. लाल रंगाचं, मागे रूळ, ढकललं की खर्रर्र करत पाती फिरणार. रविवारी आधी तुमची दाढी आणि मग हिरवळीची हजामत. हा शब्दही तुमचाच. विजू लहानपणी सगळ्या गल्लीत सांगत फिरायचा, आमचे बाबा दर रविवारी हजामत करतात. लोकांना वाटायचं, नोकरी सुटली की काय!

भांडण होतं ते त्या 'दर रविवारी'चं. पावसाळ्यात ठीक, मी कधी नाही म्हटलं? आषाढात हरळी बघता बघता चढते, आठवड्याला कापायलाच हवी. पण दसरा झाला की तिचा जोर ओसरतो, मग पंधरवड्यानं पुरे. पौषात थंडीनं ती स्वतःच अंग चोरून बसते, तेव्हा तर हातच लावू नये. आणि उन्हाळ्यात वरची नुसती शेंडी छाटावी, बाकी वाढू द्यावी, म्हणजे मुळावर सावली राहते. हे मी घसा फोडून सांगायची. तुमचं एकच, "रविवार म्हणजे रविवार. आज सोडला की उद्या सवय सुटते." थंडीत तुम्ही मशीन फिरवायचात तेव्हा एक काडी तुटायची नाही. मी ओट्यावरून ओरडायची, "काय कापताय? वारा?" तुम्ही मागे न बघता म्हणायचात, "शिस्त."

शेवटी मीच म्हटलं, वाटणी करा. भावाभावांत होते तशी. फाटकापासून ओट्यापर्यंत फरशीची वाट होतीच. डाव्या हाताचा पट्टा तुमचा, उजव्या हाताचा माझा. तुम्ही मशीननं दर रविवारी कापा, मी विळ्यानं कापीन, मला वाटेल तेव्हा. तेव्हापासून आपल्या दारात दोन रंगांची हिरवळ. तुमचा अर्धा सपाट, आखूड, पोपटी. माझा अर्धा थोडा दाट, थोडा अस्ताव्यस्त, गडद. येणारा-जाणारा फाटकात थबकायचा. गणपतीत सगळी गल्ली दूर्वा न्यायला यायची, ती माझ्याकडे. तुमच्याकडे तीन पात्यांची काडी शिल्लक असेल तर ना? पण एका भाद्रपदात माझ्या अर्ध्यात धामण निघाली, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय आनंद! त्या बिचाऱ्या जनावरालाच तुम्ही हात जोडलेत.

आता जे सांगायचं राहिलं, ते सांगते. ऐकून घ्या. मध्ये बोलू नका.

यंदाचा दुष्काळाचा उन्हाळा. कालव्याला पाणी नाही, विहिरीत बादली खरवडायची वेळ. भांडी विसळलेलं पाणी मी वाटेच्या दोन्ही बाजूंना सारखंच टाकत होते, देवाशपथ. पण माझ्या अर्ध्यात वाळलेलं का होईना, गवताचं पांघरूण होतं. तुमच्याकडे उघडी जमीन. वैशाखात तुमच्या अर्ध्याची नुसती माती झाली. तरी रविवारी सकाळी तुम्ही मशीन बाहेर काढायचात, फडक्यानं पुसायचात, तेल द्यायचात आणि परत आत ठेवायचात. मला तेव्हा चार शब्द टाकता आले असते. जिंकलेच होते मी. पण तुम्ही ओट्याच्या पायरीवर बसून त्या मातीकडे असे बघत बसायचात, की मला जिंकल्यासारखं वाटेचना.

म्हणून यंदा पाऊस लागल्यावर, दुपारी तुम्ही आडवे झालात की मी माझ्या अर्ध्यातून हरळीची ठोंबं उकरायची आणि तुमच्या अर्ध्यात लावायची. रोज थोडी थोडी. वरून माती सारखी करायची, पाय धुवायचे, आणि तुम्ही उठायच्या आत चहा ठेवायचा. चंद्रभागेनं एकदा बघितलं. तिला म्हटलं, बोललीस तर दूध बंद करीन. ती म्हणाली, "मी कशाला बोलू? मालकाच्या वावरात मालकीन चोरून पेरती, आसं कुनाला सांगून पटंल व्हय?"

आली की हो हरळी. तुमच्या अर्ध्यावर हिरवी लव धरली. त्या सकाळी तुम्ही मला हाताला धरून बाहेर नेलंत. भर दिवसा, फाटकाशी माणसं असताना! "बघ," म्हणालात, "मूळ शाबूत होतं. इतकी वर्षं दर रविवारी कापल्याचा गुण." मी म्हटलं, "हो का?" दुसरं काय म्हणणार? आणि मग खाली बघते तर काय! माहेरी कांदा लावलेला हात माझा. मी सगळी हरळी सरळ ओळीत लावली होती! ओट्यापासून फाटकापर्यंत उभ्या रांगाच रांगा, मध्ये मोजून घेतल्यासारखं अंतर, वाफ्यात कांद्याची रोपं असतात अगदी तशी. देवानं उगवलेलं गवत ओळीत येतं का कुठं? तुम्ही दोरी लावून आयुष्य काढलेला माणूस. तुम्हाला दिसलं नसेल? पण तुम्ही कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिलात आणि एवढंच म्हणालात, "शिस्त आहे बघ या गवताला."

मला कालपर्यंत कळलं नव्हतं, ती थट्टा होती की खरंच तुम्हाला तसं वाटलं होतं. विचारीन विचारीन म्हणत होते. दिवाळीला विचारू, विजू घरी असताना, चकल्या खाता खाता, म्हणजे सगळे हसतील. दिवाळीपर्यंत माणूस राहील, एवढं धरून चाललं होतं मी.

मग ते कापणं सुरू झालं. गवत जरा उंच झाल्यावर पहिल्याच रविवारी बघितलं, तर तुम्ही मशीन आडवं चालवताय. इतकी वर्षं उभं कापलंत, ओट्यापासून फाटकापर्यंत, आणि आता वाटेपासून कुंपणापर्यंत, परत कुंपणापासून वाटेपर्यंत. मी म्हटलं, "हे काय नवीन?" तुम्ही कपाळ पुसलंत आणि म्हणालात, "उभं लांब पडतं गं. दमायला होतं. आडवं सोपं पडतं." मी म्हटलं, "म्हातारे झालात." आणि आत जाऊन कणीक मळायला घेतली.

तो शनिवार. उद्याच्या तयारीला तुम्ही मशीनला तेल देत होतात. मी चहा आणला आणि ओरडले, "हात धुतल्याशिवाय कपाला हात लावू नका." हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. आत गेले, तोवर बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज. आले तर तुम्ही मान टाकलेली. कपावर तेलाचा अंगठा उठला होता. हात नव्हतेच धुतले. कधी ऐकलंत का माझं?

डॉक्टर आले, नाडी बघितली, आणि मग हळू आवाजात विचारलं, "हल्ली दमत होते का हो? काही बोलले होते?" अहो, तिथंच मी संपले. 'दमायला होतं.' बोलला होतात ना तुम्ही! स्पष्ट शब्दांत बोलला होतात. आणि मी काय केलं, तर कणीक मळली. डॉक्टर गेले, तुम्हाला नेलं, तरी ते वाक्य जाईना. सतरंजीवर बसले की तेच, उठले की तेच. तुम्ही आडवं कापायला लागलात ते छातीत दुखत होतं म्हणून? दोन-अडीच महिने दर रविवारी तुम्ही मला माझ्या डोळ्यांसमोर सांगत होतात, आणि मला ते दिसलं नाही? येणारे म्हणत होते, सुटले बिचारे, हाल नाहीत झाले. मला ओरडावंसं वाटत होतं, हाल झाले की नाही, तेच तर मला कळत नाहीये.

बाहेर पावसानं तुमचा अर्धा वाढत होता. आधी माझ्यापेक्षा आखूड, मग जरासाच आखूड, मग एका सकाळी ओट्यावर आले तर दोन्ही बाजू सारख्या. कुठला तुमचा, कुठला माझा, काही कळेना. माझा जीव असा कासावीस झाला की मी तशीच विळा शोधायला गेले. वन्संनी हात धरला. "वहिनी, वेड लागलं का? सुतकात हजामत करत नाहीत." त्यांच्याही तोंडात तुमचाच शब्द बसलाय. मी म्हटलं, "अहो वन्सं, गवत आहे ते." तर म्हणाल्या, "दादा हजामतच म्हणायचा ना? मग झालं. विजूची दाढी वाढलीय, नखं वाढलीत. हेही वाढू दे." त्यात गणपती येऊन गेले. सुतकाच्या घरातल्या दूर्वा कोण नेणार? फाटक वाजलंच नाही.

काल सकाळी विजूला घेऊन पुरुष मंडळी गोदावरीवर गेली. घर रिकामं वाटायला लागलं आणि मला अचानक सुचलं. उठले. वन्सं म्हणाल्या, "कुठं?" म्हटलं, "वन्सं, आत्ता घाटावर विजूचं मुंडन चाललंय ना?" म्हणाल्या, "हो." म्हटलं, "मग आता हिरवळीचंही होऊ द्या." त्या दारातून बाजूला झाल्या. तुमच्याच बहीण त्या, शब्दाला पक्क्या.

मशीन जड हो. सांगितलं का नाहीत कधी? तुम्ही चालवायचात तेव्हा फिरायला निघाल्यासारखे दिसायचात. पहिल्यांदा उभंच घेतलं, तुमच्या जुन्या पद्धतीनं, ओट्यापासून फाटकाकडे. वाढलेलं गवत पात्यांत अडकायचं, मागे घ्यायचं, पुन्हा ढकलायचं. फाटकाशी पोचले, वळून बघितलं. आणि तिथं होत्या माझ्या ओळी. आजूबाजूला सगळीकडे हरळी पसरली होती, तरी लावलेल्या रांगा दाट, भांग पाडल्यासारख्या लख्ख. रस्त्यावरचा माणूससुद्धा म्हणाला असता, ही कुणीतरी लावलीय.

मग म्हटलं, तुमचं ते आडवं करून बघू. मशीन वळवलं, वाटेपासून कुंपणाकडे निघाले. चार-पाच पावलं गेले नाही तोच कुंपण आलं. मशीन उचलून फिरवलं. परत चार पावलं, की वाट. पुन्हा उचला, पुन्हा फिरवा. उभं कापताना लांब जायचं खरं, पण नुसतं ढकलत जायचं. इथं ढकलणं कमी आणि ते धूड उचलून फिरवणंच जास्त. खांदे भरून आले, मनगटं दुखायला लागली, घामानं चोळी भिजली. चार फेऱ्या मारून थांबले आणि मागे बघितलं. जिथं आडवं कापलं होतं तिथं एकही ओळ दिसत नव्हती. सगळी एकसारखी हिरवळ, जणू देवानंच उगवलेली.

मी मशीनच्या दांड्याला धरून तिथंच उभी राहिले. डोळ्यांपुढचं काही दिसेना.

आडवं सोपं पडतं? कुठं सोपं पडतं हो? दमलेला माणूस हे करेल? दमलेला माणूस उभं कापेल, दोन फेऱ्या मारून खुर्चीत बसेल. ज्याच्या अंगात जोर आहे आणि ज्याला बायकोची चोरी झाकायची आहे, तोच हे करणार. पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुम्हाला. 'शिस्त आहे बघ' म्हणालात, माझ्याकडे न बघता, आणि मग दर रविवारी घाम गाळून माझे कांदे पुसून टाकत राहिलात. कशासाठी? मी म्हणावं 'हो का', आणि तुम्ही म्हणावं 'कापल्याचा गुण', एवढ्यासाठी? लबाड. एक नंबरचे लबाड आहात तुम्ही. आणि शांत म्हणे!

वन्सं ओट्यावरून धावत आल्या, "वहिनी, रडताय का हसताय?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी माझ्या हातातून मशीन घ्यायला बघितलं. मी दिलं नाही.

उरलेलं सगळं मीच कापलं. उभं. बसत बसत, पाणी पीत, पण सगळं. शेवटची फेरी चालू होती तेव्हा फाटक वाजलं. विजू आला. डोक्याचा गोटा केलेला, कान मोठे मोठे दिसतायत, तुमच्यासारखे. तो फाटकात थांबला. कापलेल्या तुमच्या अर्ध्याकडे बघितलं, मग हात आपोआप स्वतःच्या डोक्यावरून फिरवला. तो हसला आणि लगेच त्याचा चेहरा वाकडा झाला, लहानपणी व्हायचा तसा. मी त्याला जवळ घेतलं. माझे हात तेलाचे होते, त्याच्या पाठीवर उमटले असतील.

"आई," तो म्हणाला, "कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, बाबांची काही इच्छा राहिली नव्हती."

नसेलच राहिली. जिंकून गेलात ना! पण एक सांगून ठेवते. पावसाळ्यात तुमचा रविवार मी मोडणार नाही, विजू नसेल तर मी ढकलीन. थंडीत मात्र मशीन बाहेर निघणार नाही, आणि उन्हाळ्यात तुमच्या अर्ध्याला माझाच कायदा. काय बोलायचं असेल ते बोला. आणि इथून पुढं कापायचं ते उभंच, ओट्यापासून फाटकापर्यंत. दिसू देत माझ्या ओळी.